ब्राउवर-सान आणि माफीचे सात नंबर

माफीला नंबर देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. टोकियोत, निशी-कसाईच्या आमच्या इमारतीत, समोरच्या दारात राहणारे ब्राउवर-सान. ('सान' म्हणजे आपलं 'जी'.) लिफ्टमध्ये कुणाचा पाय त्यांच्या पायावर पडला आणि तो "सुमिमासेन", माफ करा, म्हणाला, की हे आपल्या बुटाकडे बघत गंभीरपणे निकाल देत, "तीन नंबर. पुरेसं आहे."

एक नंबर म्हणजे 'घडल्या प्रकाराची नोंद घेतली'. दोनला काळजी, तीनला खेद, चारला तीव्र खेद. असं चढत चढत सात नंबरला खरी माफी. तिच्यात आपण काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं. "चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत सात नंबर मी एकदाही वापरला नाही," हे ते अभिमानानं सांगत.

एकदा स्टेशनवर गाडी दोन मिनिटं उशिरा आली. लाउडस्पीकरवरचा माणूस कळवळून क्षमा मागत होता. ब्राउवर-साननी कपाळाला हात लावला. "दोन मिनिटांना सहा नंबर! अहो, उद्या खरंच काही बिघडलं तर यांच्याकडे शिल्लक काय राहणार?"

हॉलंडमध्ये ते आधी नगरसेवक, मग खासदार, मग अकरा महिने मंत्री होते. कुठल्याशा गावात बांध फुटून पाणी शिरलं, तेव्हा संसदेत यांनी चार नंबर दिला. लोकांना सात हवा होता. खुर्ची गेली. पण माफी न मागता दिलगीर दिसायची ही कला वाया कशाला घालवा, म्हणून पक्षानं त्यांना राजदूत करून देशोदेशी पाठवलं. शेवटची नेमणूक टोकियोची. निवृत्त झाले आणि इथेच राहिले. लग्न केलं नाही. तेवढा वेळ एका देशात मिळाला नाही म्हणे. आणि निशी-कसाईच का? तर इथली जमीन हॉलंडसारखी समुद्रसपाटीच्या खाली आहे, झोप छान लागते! खालच्या भारतीय दुकानातल्या इडलीचा मोह मात्र त्यांनी कधी कबूल केला नाही.

आता माझं सांगतो. २०११चा मोठा भूकंप झाला तेव्हा आमची ईरा सात महिन्यांची होती. तिकडे अणुभट्टीत स्फोट झाले आणि चौथ्या दिवशी कंपनीनं तिकिटं हातात ठेवली. बॅगा घेऊन निघालो तर जिन्यात शेजारच्या मोरिता-सान भेटल्या. पंचाहत्तरीच्या, एकट्या. ईराला रोज खेळवायच्या. "कुठे निघालात?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "इथेच, योकोहामाला, मित्राकडे. उद्या येतो." तुम्हाला इथे टाकून पुण्याला पळतोय, हे त्यांच्या तोंडावर म्हणवेना.

पाच आठवड्यांनी परतलो, तर आमच्या दाराशी पाण्याच्या सहा बाटल्या ओळीनं मांडलेल्या. मधे नळाच्या पाण्यात किरणोत्सार सापडला, ते तान्ह्या मुलांना देऊ नका अशी सूचना निघाली होती आणि दुकानात माणशी एकच बाटली मिळत होती. म्हणजे ही बाई आमच्या पोरीसाठी सहा वेळा रांगेत उभी राहिली होती. पोर तेव्हा पुण्यात आजीच्या मांडीवर मऊ भात खात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माफीचं पत्र लिहून घ्यायला मी ब्राउवर-सानकडे गेलो. भूकंपात हा माणूस जागचा हलला नसणार, अशी माझी खात्री होती. काम मिळाल्यावर ते भलतेच खूश झाले. माझं 'पळालो' खोडून त्यांनी 'तात्पुरतं स्थलांतर केलं' असं लिहिलं. 'खोटं बोललो'च्या जागी 'माहितीत त्रुटी राहिली'. तीन दिवसांत चार मसुदे झाले. शेवटी मुग्धा, माझी बायको, कडाडली, "अरे, सरळ जाऊन सांग ना, घाबरलो म्हणून! तह करताय का तुम्ही दोघं?"

गेलो. ब्राउवर-सान 'निरीक्षक' म्हणून बरोबर आले. मोरिता-साननी दार उघडलं आणि पाठ केलेला मसुदा डोक्यातून पार उडाला. कमरेत वाकून मोडक्यातोडक्या जपानीत म्हणालो, "मी घाबरलो. पळून गेलो. तुमच्याशी खोटं बोललो."

"ईरा-चान बरी आहे ना?" त्यांनी एवढंच विचारलं. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मान वर केली, तर शेजारी ब्राउवर-सान माझ्याहून खाली वाकलेले. "मीही," ते म्हणाले. "तिसऱ्याच दिवशी. जाताना तुमची बेल वाजवणार होतो. वाजवली नाही."

म्हणजे तेही पळाले होते, माझ्याही एक दिवस आधी!

"मग हॉलंडला कुणाकडे होतात?" मोरिता-साननी विचारलं. गावाहून आलेल्या कुणालाही विचारावं, तसं सहज.

ते म्हणाले, "कुणाकडे नाही. विमानतळाजवळच्या हॉटेलात. अकरा दिवस. फोन कुणाला करावा तेच सुचेना. मग परत आलो."

मोरिता-सान दारातून बाजूला झाल्या. मग घरचं माणूस संध्याकाळी दारात आलं की इथे जे म्हणतात, ते म्हणाल्या, "ओकाएरी." आलात, बरं झालं.

त्याचं उत्तर ठरलेलं असतं. 'तादाइमा', आलो घरी. इथलं शेंबडं पोरही ते देतं. चार भाषांत भाषणं ठोकणाऱ्या ब्राउवर-सानना मात्र तो एक शब्द उच्चारायला फार वेळ लागला.

तीन वर्षं आमची दारं समोरासमोर होती. या माणसाला घरी आल्यावर असं कुणीच म्हणत नसेल, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. बाटल्यांची लाज होतीच. तिच्यात ही आणखी एक भर पडली.