शिडाच्या होडीचा आवाज

बाबा गेले आणि त्यांची शिडाची होडी मुलीकडे आली, असा निदान घरच्यांचा समज होता. बंदर कार्यालयाचा तसा समज नव्हता. तिथे मालकी इंजिनावरून ठरे. मालकाने धक्क्यावर इंजिन सुरू करायचे, निरीक्षकसाहेबांनी डोळे मिटून ऐकायचे आणि समाधान झाले की मान डोलवायची. आवाज न करणारी होडी बेवारस. बेवारस होड्या शनिवारी फोडत.

"पण साहेब, शिडाच्या होडीला इंजिन नसतंच," मुलगी म्हणाली.

"तो होडीचा दोष झाला, बाई. कार्यालयाचा नव्हे."

"बाबा दर रविवारी हीच घेऊन जायचे."

"जाताना आवाज व्हायचा?"

"नाही."

"मग ते गेले, हे आम्ही कशावरून मानायचं?"

ती होडीपाशी परतली.

शेजारी काकांची मोटरबोट बांधलेली असे. तिने धक्का कधी सोडला नव्हता. कधी तेल नसे, कधी सुटा भाग नसे, दोन्ही जमले तर मेकॅनिक लग्नाला गेलेला असे. इंजिन मात्र असे गरजे की मालकीबद्दल शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती.

"पोरी, होड्या दोनच जातीच्या," काका म्हणाले. "एक वाऱ्यावर जाते, दुसरी नावावर राहते. काय हवं ते ठरव."

"काका, तुम्ही समुद्रात गेलाय का हो कधी?"

"आत कशाला जायचं? इथून दिसतो की सगळा!"

शुक्रवारी तिने घरचा पाण्याचा पंप आणून डोलकाठीला बांधला आणि सुरू केला. धक्का हादरला. साहेबांनी डोळे मिटले.

"वा! हुबेहूब वडिलांचा आवाज."

मालकी मंजूर झाली. लगेच दोन अटी आल्या. होडी आता यंत्रवर्गात गेल्यामुळे शीड हे अनधिकृत कापड ठरले, ते उतरवावे; आणि मालकी टिकवायची तर कार्यालयीन वेळेत आवाज अखंड चालू राहावा.

दुसरी अट तिने तंतोतंत पाळली. पंप सोडवून धक्क्यावर ठेवला, चालू केला, शीड चढवले आणि निघाली. बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेला सुकाणूचा दांडा तिच्या मुठीत नीट बसला. थोड्याच वेळात पंप ऐकू येईनासा झाला.

कार्यालयाने होडी जागेवर असल्याची नोंद केली. पुढे पंपाला आदर्श होडीचा मान मिळाला. काका चिडले, कारण त्याचा आवाज त्यांच्या इंजिनाहून मोठा होता.

तुम्हीही त्या धक्क्यावर येऊन गेला आहात. पंपापाशी थांबून, "काय दणकट होडी आहे!" म्हणालात, मुलांना त्याच्यासोबत उभे करून फोटोही काढलात. तेव्हा समुद्र तुमच्या पाठीमागे होता.