चार बाय सहाचा राकेश

रविवारी सकाळी नऊ वाजता निमगाव सावाच्या फाट्यावर राकेशच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. मोटारसायकलवर बसलेला राकेश त्यात पैलवान दिसत होता. प्रत्यक्षात त्याचं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं आणि तेवढ्याच कारणावरून तीन मुलींनी नकार दिला होता. चौथी, यशोधरा, वडिलांसोबत अकरा वाजता घर बघायला येणार होती.

थोरला भाऊ रुपेश याने दुकानदाराला फोन लावला.

“चार बाय सहा सांगितलं व्हतं ना? फोटो उभा हाय!”

“चार बाय सहाच छापलंय. चार उंची, सहा रुंदी. फोटो आडवा ताणून बसवला.”

“आधी रुंदी सांगत्यात, राव!”

“आमच्याकडं आधी उंची.” फोन बंद झाला.

वडील तुळशीदास यांनी फ्लेक्स उभा बांधायला लावला. फ्लेक्स आता चार रुंद, सहा उंच झाला. पण राकेश गाडीसकट आडवा पडला.

“आधी सरळ करा,” आई द्रौपदाबाई म्हणाल्या. “कुनीतरी हार आणून घालंल.”

फ्लेक्स पुन्हा आडवा बांधला गेला. मग तो काढूनच टाकायचं ठरलं. तारा कापायला पक्कड हवी म्हणून सगळे घरी आले, तेवढ्यात मुलीचे वडील सोमाजी यांचा फोन आला.

“लवकरच निघालो व्हतो. फाट्यावर फ्लेक्स बघितला. गडी लई दणकट हाय!”

आता राकेशला फ्लेक्सशी जुळवणं एवढंच उरलं. द्रौपदाबाईंनी त्याला दोन शर्टांवर स्वेटर आणि स्वेटरवर रुपेशचा लग्नातला कोट चढवला. महिना मे होता.

सोमाजींनी घामाघूम राकेशच्या हातून पाणी घेतलं. “हे भाऊ का? नवरदेव कुठंयत?”

“हेच ते, बाबा,” यशोधरा म्हणाली. ती घोडेगावला सातवीला गणित शिकवायची. “फ्लेक्समध्ये गाडीची चाकं लंबगोल होती. मोबाईलवर फोटो काढून मोजली. रुंदी नऊ, तर उंची चार. खरं चाक एकास एक असतं. म्हणजे माणूस दिसतो त्याच्या नऊ भागांतले चारच धरायचे.” मग राकेशकडे वळून म्हणाली, “कोट काढा. मला पसंत आहे.”

राकेशने कोट काढला. मग स्वेटर. मग एक शर्ट.

“फक्त एक विचारायचं होतं, काका,” यशोधरा तुळशीदासांना म्हणाली. “बायोडाटात नऊ एकर बागायत लिहिलीय. तिलाही हेच गुणोत्तर लावायचं का?”

“लावलं तर किती येतंय?” तुळशीदासांनी जपून विचारलं.

“चार.”

तुळशीदासांनी रुपेशकडे पाहिलं.

“सातबारा ह्यांना कुनी दाखवला रं?”