तेहतीस तासांचे हस्तांदोलन

मनुष्यजातीची प्रगती दोनच मापांनी मोजता येते: एखादे निरुपयोगी काम ती किती झटपट उरकते आणि किती वेळ रेटत राहते. विक्रम नोंदणी मंडळाच्या वहीत याचे भरभक्कम पुरावे आहेत. एका मिनिटात जिभेने चिकटवलेली पाकिटे, त्रेचाळीस. पाठमोरे चढलेले मजले, दोनशे सहा. एका पायावर उभे राहून मोजे रफू करणे, एकोणीस तास. (मोजे कोणाचे, आणि नंतर ते कोणी घातले का, याची नोंद नाही.)

अशा थोर संस्थेकडे एका म्हातारीने अर्ज केला तो प्रसिद्धीसाठी नव्हे. तिचा थोरला मुलगा चष्मेवाला, धाकटा कुलपे दुरुस्त करणारा. दुकानांना भिंत एकच, आणि अबोला अकरा वर्षांचा. कारण एक शिडी. ती वेळेवर परत दिली नव्हती, किंवा फार लवकर मागितली होती. आईने रडून पाहिले. छातीत कळ आल्याचे सोंग केले. दोघेही धावत आले, पण वेगवेगळ्या वेळी. शेवटी तिने पोटच्या पोरांना नीट ओळखले. आईसाठी नाही, पण प्रमाणपत्रासाठी ती हात पुढे करतील! तिने दोघांच्या नावे अर्ज भरला. प्रकार: सर्वाधिक वेळ हस्तांदोलन. आधीचा विक्रम, बत्तीस तास.

हातात हात आला तेव्हा तिचा ऊर भरून आला. मंडळाच्या निरीक्षकाने तिला दोन पावले मागे सरकवले. (अश्रूंनी पकड निसटते.)

नियम सोपे होते. हात हलता हवा, डुलकी बाद, जेवण डाव्या हाताने. बोलायला परवानगी होती. ही सवलत दोघांनी वापरली, पण आईमार्फत.

"आई, त्याला सांग, नीट धर."

"आई, त्याला म्हणावं, हात आहे तो, चष्म्याची काडी नव्हे."

"अरे, समोर उभा आहे ना तो! तूच सांग की मेल्या!"

"मी विक्रम करायला आलोय, गप्पा मारायला नाही."

तेविसाव्या तासाला धाकट्याचे मनगट सुजले. थोरल्याने कोणाला दिसू नये अशा बेताने अंगठा जरा सैल केला. आईने ते पाहिले आणि श्वास रोखला. निरीक्षकानेही पाहिले आणि लिहिले: पकड सदोष, ताकीद. अंगठा पुन्हा आवळला गेला.

तेहतीस तास भरले. टाळ्या झाल्या. दोघांनी दोन नळांवर हात धुतले. प्रमाणपत्र एकच निघाल्यामुळे ते कात्रीने मधोमध कापण्यात आले.

सगळे पांगल्यावर म्हातारीने निरीक्षकाला गाठले.

"साहेब, न बोलण्याचा विक्रम असतो का हो? तो तरी नोंदवा. चारचौघांत छापून आलं, तर लाजेने बोलतील."

"आजी, तो प्रकार बंद केला आम्ही. घरटी एक अर्ज येतो. अकरा वर्षांना तर पहिल्या हजारातही जागा नाही."

म्हातारी पिशवी उचलून एकटीच जिना उतरली.

मंडळाच्या माहितीनुसार, या न बोलण्याच्या स्पर्धेत आपण उतरलो आहोत हेच बहुतेकांना ठाऊक नसते. ते असल्या दोन भावांच्या गोष्टी वाचून खुशाल हसतात. त्याला मंडळाची हरकत नाही. हसल्याने वेळ बाद होत नाही. फोन केल्याने होते.