विहीणबाई बाग जेवल्या

एका जंगलात, आपल्या नव्हे बरं का, तिकडे साहेबाच्या मुलखातल्या जंगलात, चारशे वर्षांची एक दगडी कोठी होती. कोठीचा मालक अस्वल. त्याला सगळे लॉर्डसाहेब म्हणत.

ती कोठी बघायला आपल्या माळावरची ठिपकी शेळी गेली. हौसेनं नव्हे रे! तिच्या लेकीचं, पिवळीचं, लग्न जमत होतं. मुलाची आई रोझाबाई, विलायती शेळी. ती म्हणाली, "आधी चारचौघांत कशा वागता ते बघू. मग सुपारी फोडू."

ठिपकी शिंगांना तेल लावून निघाली बिचारी.

बघ्यांच्या घोळक्याला कोठी दाखवायला बगळा होता. एका पायावर उभा राहून सांगायचा, "ह्या पलंगावर राणीसाहेब एकदा झोपल्या होत्या."

"एकदाच?" ठिपकी म्हणाली. "ढेकूण असतील हो."

"शूऽ!" रोझाबाई म्हणाली.

पुढे एक खुर्ची. तिच्याभोवती दोर बांधलेला. ठिपकी हळूच म्हणाली, "विहीणबाई, आमच्यात दावं शेळीला बांधतात. ही खुर्ची पळते की काय?"

"अजून विहीण झाले नाही मी!" रोझाबाई फणकारली.

ठिपकीनं जीभ चावली. ठरवलं, आता बोलायचंच नाही.

मग सगळे बागेत आले. आणि काय सांगू पोरांनो! हिरव्यागार रांगा, सरळ, मापात. भोवती फुलांची रांगोळी. मधे झुडपं कातरून केलेले मोर, हत्ती, घुमट. ठिपकीच्या डोळ्यांत पाणीच आलं. अगं बाई, सोयरीक ठरायच्या आधीच पंगत मांडली! केवढ्या मनाची मंडळी. आणि मी मेली ढेकणांचं बोलले!

मांडल्या पानाला नाही म्हणायचं म्हणजे यजमानाचा अपमान. पोरीचं लग्न मोडायचं काय? ठिपकी बसली. पहिली रांग संपवली. दुसरी संपवली. घुमट भाताच्या मुदीसारखा फोडला. मोराचा पिसारा गट्टम.

रोझाबाई चारी पाय वर करून आडवी. बगळ्याचा दुसरा पाय आपोआप खाली आला.

लॉर्डसाहेब धावत आले. "हे कोणी केलं?"

"मीच हो," ठिपकी लाजून म्हणाली. "मोराची मान राहिलीय अजून. जरा दम घेते."

लॉर्डसाहेबांनी चष्मा लावला. एकदा इकडून बघितलं, एकदा तिकडून. चारशे वर्षं तोच मोर बघून त्यांचं घराणं विटलं होतं.

"वा!" ते ओरडले. "मोर नाही, नुसता मोराचा भास! काय ती कात्री!"

"कात्री कुठली, दात," ठिपकी म्हणाली. पण टाळ्यांच्या कडकडाटात ऐकतो कोण?

बगळा लगेच सांगायला लागला, "ही ठिपकी शैली. कृपया हात लावू नये."

रोझाबाई टुणकन उठली. "आमच्या विहीणबाई हं!" तिनं लॉर्डसाहेबांना सांगितलं. मग ठिपकीच्या गळ्यात पडली. "आत्ताच्या आत्ता सुपारी फोडू!"

"फोडू की," ठिपकी म्हणाली. "पण पानात हत्ती आहे अजून. तेवढा संपवते."

तात्पर्य: बाळांनो, परक्याच्या बागेत तोंड घालू नये. घातलंच, तर दोन घास खाऊन पळू नये, चोर ठराल. सगळी बाग फस्त करावी, म्हणजे कलावंत ठराल.