कुंपण जिथं संपलं

बालवाडीमागचं नवं कुंपण मास्तरांच्या नासपतीच्या झाडापाशी येऊन थांबलं होतं, कारण नगराध्यक्षांचा अधिकार तिथवरच पोचत होता.

ग्रुंडलाउ गावाचा नियम साधा होता. ठरावीक मर्यादेपर्यंतचा खर्च नगराध्यक्षांनी आपल्या सहीने करावा, त्यापुढचा नगरपरिषदेला विचारून. जुनं कुंपण गंजून आडवं झालं तेव्हा नगराध्यक्ष हेनिंग पाउल्सेन यांनी एका सहीत बसेल एवढं कुंपण घालून टाकलं. उरलेलं परिषद मंजूर करेलच, असं त्यांना वाटलं. परिषदेला मात्र वाटलं, की न विचारता अर्धं कुंपण घालणारा माणूस उद्या अर्धा पूल बांधेल. तिने अंदाजपत्रकातून उरलेलं कुंपण एकमताने खोडलं. मग झाडापासून पुढे, लाउ ओढ्याच्या बाजूने, एक मोठं भगदाड राहिलं. त्यावर नारिंगी फीत बांधण्यात आली. फितीखालून जायला वाकावं लागे, पण बालवाडीत वाकावं लागण्याएवढं उंच कोणी नव्हतं.

इल्का हाउगचा चार वर्षांचा योरिन मार्चमध्ये एक दिवस घरी आला तेव्हा त्याचा एक बूट ओला होता. डोंगरावरचा बर्फ वितळत होता आणि ओढ्याचा आवाज बेकरीपर्यंत ऐकू येत होता.

"बदकं बघायला गेलो होतो," योरिन म्हणाला.

इल्काने ओला बूट शेगडीजवळ ठेवला. कोरड्या बुटाकडे मात्र तिला बघवेना. तोही ओला व्हायचा किती थोडक्यात राहिला, हेच तिच्या मनात येत राहिलं.

ती नगराध्यक्षांकडे गेली. ते म्हणाले, परिषदेला सांगा. ती बेकरीवाल्या नगरसेविका गेर्लिंडे फाउझर यांच्याकडे गेली. त्या म्हणाल्या, नगराध्यक्षांना सांगा, आणि वर एक गोड पाव योरिनसाठी फुकट दिला. असे वर्षभरात बरेच गोड पाव खाऊन झाल्यावर इल्का परिषदेच्या सभेला जाऊन नागरिकांच्या खुर्च्यांवर बसली. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

नागरिकांच्या प्रश्नांची वेळ झाली तेव्हा ती उभी राहिली. "भगदाड कधी बुजणार?"

"हाउगबाई, माझ्या हातात असतं तर उद्या सकाळी," नगराध्यक्ष म्हणाले. "पण तिजोरीची किल्ली पडली परिषदेकडे."

"आणि अंदाजपत्रक कोण मांडतं हो?" गेर्लिंडेबाई म्हणाल्या. "आमची आजी?"

"मी मांडलं. तुम्ही खोडलंत."

"अर्धं घालून मग मांडलंत! जेवून हात धुतल्यावर 'पानावर बसू का' म्हणून विचारतात का कोणी?"

"तुमचं भांडण चालू द्या," इल्का म्हणाली. "पण पोरं त्या फितीखालून ओढ्यावर जातात. ओढ्याला तुमचं भांडण माहीत नाही."

नगराध्यक्षांनी घसा साफ करून सांगितलं, की आजच्या विषयांत त्यांनी पुरवणी प्रस्ताव आणलाच आहे. उरलेलं कुंपण पूर्ण करावं आणि काम श्टोट्झ यांच्या कुंपणाच्या कारखान्याला द्यावं, कारण दुसऱ्या कोणी दर कळवलेलाच नाही. नगरसेवकांनी एकमेकांकडे पाहिलं. हात वर जाणार, एवढ्यात एक पेन्सिल वर गेली.

पेन्सिल नगरसेवक ट्राउगोट बिल्मायर यांची होती. निम्मी परिषद त्यांच्या हाताखाली शिकलेली असल्यामुळे सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"नियमाचा प्रश्न," मास्तर म्हणाले. "ज्याचा स्वतःचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा फायदा असेल, त्याने टेबल सोडून नागरिकांत बसायचं. आल्विन, कारखाना तुझ्या भावाचा."

आल्विन श्टोट्झ शेतकरी माणूस. "मास्तर, दुसरं कोणी तयारच नाही तर फायदा कसला?"

"सख्खा भाऊ तो सख्खा भाऊ."

आल्विन आपली सफरचंदाच्या रसाची बाटली घेऊन उठला आणि इल्काशेजारी येऊन बसला. दोन घोट घेतल्यावर त्याला सुचलं. "गेर्लिंडे, तुझ्या बेकरीचं मागचं अंगण कुठं संपतं गं?"

गेर्लिंडेबाई लाल झाल्या. अंगण भगदाडापाशी संपत होतं आणि कुंपण झालं असतं तर त्यांना स्वतःचं घालावं लागलं नसतं. त्या उठल्या. पण एकट्या उठायला त्या तयार नव्हत्या. "मग त्या तिघांनी काय पुण्य केलंय? ओढ्यालगतची कुरणं त्यांचीच ना?"

तिघे नगरसेवक उठले. त्यांनी जाता जाता आल्विनच्या मेव्हण्याला उठवलं, मेव्हण्याने कारखानदाराच्या सासऱ्याला. ग्रुंडलाउमध्ये तीन पिढ्या काढलेल्या माणसाला कुंपणवाल्याशी नातं नाही म्हणण्याची सोयच नव्हती. शेवटी एक नगरसेवक कोणी काही न म्हणता उठला.

"तुझं काय?" मास्तरांनी विचारलं.

"कारखानदाराच्या मुलीचा मी बाप्तिस्म्यातला धर्मपिता आहे."

"ते नियमात बसत नाही."

"मग काय तुमच्याबरोबर एकटाच बसू इथं? शाळेत बसलो तेवढं पुरे."

आता टेबलावर एका टोकाला नगराध्यक्ष, दुसऱ्या टोकाला मास्तर आणि मध्ये सभेचा वृत्तांत लिहिणारी बाई एवढेच उरले. नागरिकांच्या खुर्च्या मात्र गच्च भरल्या होत्या.

"मास्तर," आल्विन मागून अगदी नम्रपणे म्हणाला, "तुमचं नासपतीचं झाड कशाच्या आधारानं वाढलं हो?"

ते झाड जुन्या कुंपणावर हाताच्या बोटांसारखं पसरवून वाढवलेलं होतं, आणि वर्षभर बिचारं काठ्यांवर उभं होतं. नव्या कुंपणाची वाट गावात त्याच्याइतकी कोणी पाहत नव्हतं, इल्का सोडून. मास्तरांनी पेन्सिल खिशात ठेवली, पाठ ताठ केली आणि ते शेवटच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले.

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले.

"छडीसारखा," आल्विन म्हणाला.

नगराध्यक्षांनी सुटकेचा श्वास टाकला. "परिषदच उरली नाही. म्हणजे दुर्दैवाने विषय पुढे—"

"नाही," मागून मास्तरांचा आवाज आला. "पुढचं कलम वाचा. हितसंबंधांमुळे परिषद ठरवू शकत नसेल, तर तिच्या जागी नगराध्यक्ष ठरवतात."

"एकटे?"

"एकटे."

पाउल्सेन यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. अकरा वर्षं ते प्रत्येकाला सांगत आले होते, की माझ्या हातात असतं तर उद्या सकाळी. आता ते हातात आलं होतं, आणि हात टेबलाखाली गेले.

"माझाही काहीतरी संबंध निघेल की," ते हळूच म्हणाले. "बघा ना, मास्तर. माझी बायको?"

"त्या तुमच्यासारख्याच समुद्राकडच्या. इथं त्यांचं कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही."

"घर?"

"भाड्याचं," गेर्लिंडेबाई म्हणाल्या. "आणि टेकडीवर. ओढा दिसतसुद्धा नाही."

"अकरा वर्षं तुम्ही मला ऐकवताय, की मी इथला नाही!"

"म्हणूनच तर," मास्तर म्हणाले.

नगराध्यक्षांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग भरलेल्यांकडे. "आज मी ठरवलं, तर पुढच्या महिन्यात तुम्हीच म्हणाल, हा परस्पर—"

इल्का उभी राहिली.

"हाउगबाई, प्रश्नांची वेळ संपली."

"मला प्रश्न नाही विचारायचा," इल्का म्हणाली. "मला उत्तर हवंय."

"बरोब्बर!" आल्विन ओरडला. "उत्तर द्या!"

"आम्हा नागरिकांना हे कधी धड उत्तर देत नाहीत," गेर्लिंडेबाई शेजारणीला म्हणाल्या. शेजारीण म्हणजे इल्काच होती. खुर्च्यांवर सगळीकडे माना डोलल्या. एवढी संतापलेली जनता ग्रुंडलाउच्या सभागृहाने पूर्वी पाहिली नव्हती.

वृत्तांत लिहिणाऱ्या बाईंनी वहीतून मान न काढता विचारलं, "बाजूने?"

नगराध्यक्षांनी हात वर केला.

"विरोधात?"

नगराध्यक्षांनी आपला हात खाली आला आहे ना, याची खात्री करून घेतली.

"एकमताने मंजूर," बाईंनी लिहिलं.

टाळ्या पडल्या. इल्का खाली बसली आणि तिच्या लक्षात आलं, की आल्विनची बाटली आपण कधीपासून हातात घट्ट धरून ठेवली आहे. नगराध्यक्षांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. त्यांनी समोरचा कागद उलटला. "सोपं होतं की! पुढचा विषय, चौकातलं कारंजं. मला वाटतं, हेही मीच—"

खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला. वाक्य पुरं व्हायच्या आत सगळी परिषद टेबलावर हजर होती, मास्तर सर्वांत पुढे.

कुंपण एप्रिलमध्ये पूर्ण झालं. पहिल्याच सकाळी योरिन गजांना धरून मोठमोठ्याने रडत होता. पलीकडे बदकं होती.

"आई, हे कोणी लावलं?"

वर्षभर इल्का याच कुंपणासाठी घरोघर फिरली होती. तिने योरिनच्या रडवेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नगराध्यक्षांनी," ती चटकन म्हणाली.

नेमके नगराध्यक्ष त्याच वेळी सायकलवरून ओढ्याकाठच्या वाटेने चालले होते. त्यांनी वेग कमी केला, टोपी उचलली, योरिनकडे सहानुभूतीने पाहिलं.

"परिषदेनं," ते म्हणाले आणि पुढे निघून गेले.

झाडाच्या फांद्या नव्या गजांना सुतळीने बांधत असलेले मास्तर मागे न वळता म्हणाले, "परिषद त्या वेळी टेबलावर नव्हती."

योरिनने तिघांचंही ऐकून घेतलं आणि कुंपणाला एक सणसणीत लाथ मारली. ते हललं नाही. तो बालवाडीत गेल्यावर, मास्तरांचं लक्ष नाही असं पाहून, इल्कानेही दोन्ही हातांनी ते एकदा जोर लावून ढकलून बघितलं.