नंबर तर जुळतोय ना?

बुबुळकाका खुर्चीत बसले आणि त्यांच्याखाली काहीतरी कडकन मोडलं. ते उठेपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा वाचायचा चष्मा कामातून गेला होता.

बुबुळकाका हे नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, पण आता त्यांची बायकोही तेच वापरायची. बाई संघटनेच्या चिटणीस. देशोदेशींच्या या आरोग्य परिषदेत संघटनेला मत नव्हतं, फक्त तीन मिनिटं बोलायची मुभा होती. वाचायचा चष्मा सरकारी दवाखान्यात फुकट मिळावा, हे एवढं एक वाक्य धोरणात घालून घ्यायला बाई कित्येक वर्षं झटत होत्या.

"तुला पाठ असेलच की," काका ओशाळून म्हणाले.

"पाठ होतं ते कालचं. आज सकाळी मसुदा बदललाय. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर सगळंच बारगळेल."

बाईंनी कागद लांब धरला. हात संपला, तरी अक्षरं लागेनात. फोन दाराशीच जमा करून घेतलेले. काकांनी स्वतःचा चष्मा पुढे केला.

"तुमचा लांबचा आहे, सर. यातून आहे तेही दिसायचं नाही."

लांबचं मात्र बाईंना लख्ख दिसत होतं. चष्म्याआडून ज्याचे डोळे मोठे दिसतील, त्याचा चष्मा आपल्याला चालेल, हे त्यांना ठाऊक होतं. पलीकडे, देशांच्या प्रतिनिधींच्या रांगेत तसे एक गृहस्थ दिसताच त्या उठल्या.

"अगं, त्यांच्याकडे कुठे? विरोध तेच करणार आहेत."

"नंबर तर जुळतोय ना?"

गृहस्थ भले होते. अडचण ऐकताच त्यांनी चष्मा काढून दिला. "घ्या. तोवर मी नुसतं ऐकतो."

बाईंनी माइकसमोर उभं राहून शब्दन् शब्द ठणठणीत वाचला. दोन-तीन देशांनी पाठिंबाही दिला. मग सभापतींनी विचारलं, "कुणाचा आक्षेप?"

गृहस्थ उभे राहिले. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब नेला, परत जवळ घेतला. सभागृह वाट बघत राहिलं. चष्मा अजून बाईंच्या नाकावर होता.

"बस जराशी," काका कुजबुजले. "वेळ संपेल त्यांचा."

"दुसऱ्याची वस्तू आहे, सर." बाई तडक गेल्या आणि चष्मा पुसून गृहस्थांच्या हातात दिला.

तो चढवून त्यांनी वाचायला घेतलं, "आमच्या मते चष्मा ही आरोग्याची गरज नसून निव्वळ सोयीची..."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. सभापतींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. गृहस्थांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि कागदाची घडी घातली.

"माफ करा," ते खाली बसत म्हणाले, "पुढचं काही वाचवत नाही."