नालोंगोच्या मागची रांग

"वहिनी, झालं काम! आता निवडणूक फक्त नावाला उरली," असं म्हणत लुबेगा घरात शिरला, तेव्हा नालोंगो अंगणाच्या दारात केळी सोलत बसली होती. तिने सुरी खाली ठेवली. हा दीर आनंदात असला की घरावर काहीतरी कोसळतं, हा तिचा लग्नापासूनचा अनुभव होता.

"काय केलंत भावजी?"

"फोटो टाकला. वस्तीच्या ग्रुपवर. हा बघा."

फोटोत नालोंगो स्वतःच होती. हात उंचावलेला, तोंड उघडं, जणू एखादी पुढारीण भाषण ठोकतेय. आणि तिच्या मागे ही लांबच लांब रांग! बाया, बाप्ये, काठी टेकत उभी म्हातारी माणसं. खाली लुबेगाने लिहिलं होतं, 'सारी कासान्या वस्ती नालोंगोच्या पाठीशी!'

"भावजी, हा शनिवारचा नळावरचा फोटो आहे. ती खाटकाची बायको मध्ये घुसत होती, म्हणून मी ओरडत होते."

"असेल."

"मग नळ कुठाय?"

"डावीकडे होता. कापला."

"आणि लोकांचे कॅन?"

"खाली होते. तेही कापले. पिवळे पिवळे कॅन दिसले की फोटोची शोभा जाते हो."

लुबेगा नाक्यावरच्या टपरीत मोबाइल दुरुस्त करायचा आणि वहिनी वस्तीच्या चेअरमनपदाला उभी राहिल्यापासून स्वतःला तिचा प्रचारप्रमुख म्हणवून घ्यायचा. नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. तिचं खरं नाव नामातोवू, पण एकदा जुळी झाली की आपल्याकडे बाईचं खरं नाव फक्त तिच्या आईला आठवतं. ती उभी राहिली होती ती एका नळासाठी. सगळ्या कासान्याला मिळून एकच नळ, आणि त्यालाही लहर आली तर पाणी. पाणी नसलं की लोक आपापले कॅन ओळीने मांडून नंबर लावत आणि फणसाखाली सावलीत बसून भांडत. चेअरमन सेबुन्या गेली सोळा वर्षं दुसरा नळ आणत होते. तो अजून वाटेतच होता.

आता कुणी म्हणेल, एका फोटोने असं काय बिघडतं? पण कासान्यात मतपेटीची भानगड नाही. उमेदवार मैदानात उभे राहतात, ज्याचं ज्याला पटेल तो त्याच्या मागे रांगेत उभा राहतो आणि अधिकारी डोकी मोजतो. त्यामुळे कुणाच्याही मागे रांग दिसली की ती मतांचीच.

पहिला भडका उडाला तो खुद्द चेअरमनच्या घरात. फोटोत नालोंगोपासून तिसरी उभी होती चेअरमनची बायको, तेओपिस्टा.

चेअरमनचा आवाज चार घरं ओलांडून आला. "सोळा वर्षं मी या वस्तीसाठी झिजलो, आणि माझीच बायको त्या बाईच्या मागे?"

"अहो, पाण्याला उभी होते मी! शनिवारी आंघोळ कशाने केलीत? सोड्याने?"

"ते मला सांगू नकोस. पुन्हा त्या रांगेत दिसलीस तर याद राख!"

"बरं," तेओपिस्टा थंडपणे म्हणाली. "नाही दिसणार."

नवऱ्याची आज्ञा तिने तंतोतंत पाळली. दुसऱ्या दिवसापासून चेअरमनच्या घरात पाण्याचा थेंब नव्हता. त्यांचा पांढरा शर्ट आधी पिवळसर झाला, मग राखाडी, आणि प्रचाराला गेले की लोक दोन हात लांबूनच माना डोलवायला लागले.

चेअरमनचा पुतण्या मात्र गप्प बसणारा नव्हता. त्याने ग्रुपवर दुसरा फोटो टाकला. 'ही पाहा चेअरमनच्या मागची रांग!' रांग मोठीच होती, वादच नाही. फक्त तिच्यातल्या प्रत्येकाने जाडजूड कोट घातला होता, कानटोप्या होत्या, आणि पायांखाली बोटभर बर्फ होता.

जाज्जा नाकिंतु, म्हणजे वस्तीची आजी, फोन डोळ्यांपाशी नेऊन म्हणाली, "अगंबाई, चेअरमनच्या मागे उभं राहिलं की इतकी थंडी वाजते?"

सगळे हसले. नालोंगोही हसली, तोच जाज्जा पुढे म्हणाली,

"बरं झालं बाई, मी आधीच उभी राहून आले ते."

"कुठे उभी राहिलीस, जाज्जा?"

"तुझ्या मागे! फोटोत नाही का मी? मला कुठं आठवत होतं, पण फोटो काय खोटं बोलतो? टेकडीवरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना निरोप धाडलाय मी. म्हटलं, मत देऊन झालंय आपलं, आता गुडघे दुखवत येऊ नका."

नालोंगोच्या तोंडचं पाणी पळालं. टेकडीवरच्या म्हाताऱ्या म्हणजे तिची हक्काची मतं. ती दारोदार फिरली, तर निम्म्या वस्तीला वाटत होतं की निवडणूक होऊन गेली. उरलेल्या निम्म्यांना वाटत होतं, एवढी रांग आहेच तर आपण कशाला जायचं? दोघेतिघे मात्र भडकले होते. "आम्ही पाण्याला उभे होतो. आम्हाला न विचारता तुझ्या मागे चिकटवलंस कसं?" त्यांच्यापुढे तिला मान वर करता येईना.

घरी येऊन ती म्हणाली, "भावजी, अख्खा फोटो टाका. नळासकट, कॅनसकट. आणि खाली मी सांगते ते लिहा."

"वहिनी, हात जोडतो! त्यांनी बर्फातली माणसं आणली, आपण निदान आपलीच माणसं दाखवली. राजकारणात एवढं चालतं."

"त्यांचं चालू दे. मला उद्या यांच्याच शेजारी कॅन घेऊन उभं राहायचंय. लिहा."

लुबेगाने रडत रडत लिहिलं. 'हा अख्खा फोटो. ही माणसं माझ्या मागे नव्हे, पाण्यासाठी उभी आहेत. आधी फोटो कापला गेला, त्याबद्दल माफ करा. मतदान व्हायचंय, मंगळवारी सकाळी. कुणाच्याही मागे उभे राहा, पण स्वतः या. आणि कुठलाही फोटो पुढे पाठवण्याआधी विचारा, यातलं कापलंय काय?'

ग्रुप दिवसभर गप्प होता. लुबेगाने टपरी बंद करून अंथरूण धरलं. संध्याकाळी तेओपिस्टाने त्याखाली एकच ओळ लिहिली, 'कॅन मोजले का कुणी? आणि नळ मोजला का?' मग मात्र जो तो तो फोटो मोठा करून करून बघायला लागला. रोज त्याच रांगेत उभं राहणाऱ्या माणसांनी ती रांग लांबून कधी पाहिलीच नव्हती.

मंगळवारी मैदानावर ओंगोम नावाचे निवडणूक अधिकारी आले. कडक माणूस, गळ्यात शिट्टी. नियम असा की उमेदवाराने तोंड रस्त्याकडे करायचं आणि मागे वळून बघायचं नाही. मागे कोण नव्हतं हे कळलं की पुढे वर्षानुवर्षं त्याला पाण्यात पाहिलं जातं, म्हणून. चेअरमननी फणसाची सावली आधीच पटकावली. नालोंगोच्या वाट्याला उन्हातली जागा आली, नळाच्या बाजूची.

लोक जमू लागले, आणि तीन दिवस कोरडा ठणठणीत पडलेला नळ नेमका तेव्हाच गुरगुरला.

"पाणी आलं!"

मतदान गेलं चुलीत. सगळं मैदान घराकडे पळालं आणि कॅन घेऊन परत आलं. नळापासून रांग निघाली, वळली आणि सरळ नालोंगोच्या पाठीशी येऊन टेकली.

"साहेब, हरकत!" चेअरमन ओरडले. मागे बघायचं नाही हा नियम त्यांनी केव्हाच मोडला होता. "ही मतांची रांग नाही. तिचंच लिहिलेलं बघा!" त्यांनी फोन अधिकाऱ्यांच्या नाकापुढे धरला. "माझ्या मागे नव्हे, पाण्यासाठी उभे आहेत. तिचे शब्द!"

ओंगोमनी वाचलं. "बाई, ही रांग तुमची की नळाची?"

लुबेगा दुरून दोन्ही हातांनी खुणा करत होता, तुमची म्हणा, तुमची म्हणा! नालोंगोला समोर फक्त रस्ता दिसत होता आणि रस्त्यावरची एक बकरी.

"साहेब, मला मागचं दिसत नाही," ती म्हणाली. "पण पाण्याची असेल तर माझी म्हणून मोजू नका."

लुबेगाचे खुणा करणारे हात खाली आले.

"ठीक," ओंगोम म्हणाले. "ज्याच्या हातात कॅन त्याला मी मोजणार नाही. शिट्टी वाजली की रांगा बंद."

वाहत्या नळासमोर कॅन खाली ठेवा! कासान्यात माणूस एकवेळ नवस सोडेल, पण नंबर सोडणार नाही. नालोंगो कान देऊन ऐकत राहिली. पाण्याची धार चालूच होती. एका कॅनमध्ये भरभरून पडत होती. मग ती धार एकदम थांबली.

गेलं पाणी, तिच्या मनात आलं. पाणी गेलं, आता माणसंही जातील.

"अगं ए, नळ का बंद केलास? माझा अर्धाच भरलाय!" कुणीतरी किंचाळलं.

"माझं तर सारं घरच कोरडं आहे," हा आवाज तेओपिस्टाचा होता. "पण याच एका नळावर आणखी सोळा वर्षं भांडायची हौस असेल, तर ये आणि सोड."

वाहता नळ कुणी आपल्या हाताने बंद केल्याचं कासान्याने आजवर पाहिलं नव्हतं. मग एक कॅन जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग धडाधड, धडाधड, मोजता येईनात इतके. पावलं वाजली, धूळ उडून नालोंगोच्या टाचांवर बसली आणि अगदी पाठीशी एक काठी टेकली.

"पोरी, मी आलेय," जाज्जा नाकिंतु धापा टाकत म्हणाली. "टेकडीवरच्या सगळ्यांना घेऊन आलेय. या वेळी खरी उभी आहे ना गं मी?"

"हो जाज्जा," नालोंगो म्हणाली. तिला रस्ता दिसेना आणि बकरीही दिसेना, इतके डोळे भरून आले होते. "या वेळी अगदी खरी."

शिट्टी वाजली. ओंगोमनी डोकी मोजली, चेअरमनच्या हट्टाखातर पुन्हा मोजली, आणि दोन्ही वेळा नालोंगोची रांग फणसाखालच्या रांगेच्या दुपटीहून मोठी भरली. बायकांनी असा काही गलका केला की बकरी दोरी तोडून पळाली. लुबेगा वहिनीच्या पाया पडायला आला तो कॅनला अडखळून पडलाच.

मग पुन्हा नळ सोडला, कारण जिंकलं तरी भात शिजवायला पाणी लागतंच. नव्या चेअरमन नालोंगोबाई आपला कॅन घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्यांच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. शर्ट राखाडी, डोक्यावर टोपी, हातात पिवळा कॅन. माजी चेअरमन सेबुन्या! घरात थेंब नव्हता आणि बायकोने आज्ञा मोडायला साफ नकार दिला होता.

लुबेगाचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"ए लुबेगा! फोटो काढशील तर बघ!" सेबुन्या ओरडले. "मी पाण्याला उभाय! हिच्या मागे नाही!"

"काढा भावजी," नालोंगो म्हणाली. "फक्त त्यांचा कॅन फोटोत येऊ दे."

लुबेगा चार पावलं मागे सरकला. नळ आला, कॅन आले, रांग आली. त्याने फोटो काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "टाकू का?"

सेबुन्यांनी थोडा विचार केला. मग कॅन दिसेल असा पुढे घेतला आणि टोपी सरळ केली.

"तो राहू दे. पुन्हा काढ," ते म्हणाले आणि लुबेगाने काढताच मान हलवली. "आता टाक."